तीन पात्यांचा चाकू

बाईच्या कपड्यांना खिसा नसतो. नऊवारीला नव्हता, सहावारीला नाही, आणि शिंप्याला पुन्हा पुन्हा बजावून पंजाबी ड्रेसला शिवून घेतलाच तर त्यात जेमतेम रुमाल मावतो. त्यामुळे खिशात बाळगायच्या सगळ्या वस्तू पुरुषांच्या नावावर लागल्या आहेत. कंगवा त्यांचा, तंबाखूची डबी त्यांची, घडीचा चाकूही त्यांचाच. आमच्या वाट्याला विळी आली. ती पाटाला ठोकलेली, आणि तिच्यापुढे एक पाय दुमडून आम्हीही तिथंच बसलेल्या. धार बाईच्या हाताला रोजची आहे. ती धार सोबत घेऊन घराबाहेर पडायची सोय मात्र तिला कुणी करून दिली नाही.

माझ्या आजीनं ती स्वतःची स्वतः करून घेतली होती. आजी पारनेरच्या बाजूची. तिच्या कनवटीला कायम चंची असे. चंची हल्ली किती जणांनी पाहिली असेल कोण जाणे. जाड कापडाची, एकाशेजारी एक कप्पे शिवलेली लांबट पिशवी. पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, दोन लवंगा भरायच्या, वळकटी करायची, वरून दोरी गुंडाळायची. आजीच्या चंचीच्या शेवटच्या कप्प्यात अडकित्ता असे आणि त्याच्याजवळ एका कडीत ओवलेल्या तीन पितळी वस्तू: दातकोरणं, कानकोरणं आणि चिमटा. गल्लीत कुणाच्या पायात बाभळीचा काटा मोडला की तो माणूस लंगडत आमच्या ओट्यावर येई. आजी कडीतून चिमटा फिरवून पुढे घेई, काटा उपसून काढी, वर हळद दाबी आणि ‘आता चाल’ म्हणे. ती वैदू नव्हती, सुईण नव्हती. तिच्याकडे चिमटा होता आणि तो तिच्याकडे आहे हे गल्लीला ठाऊक होतं.

पुण्याला बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. तिथे गेले की मी मस्तानी महाल सोडून आधी अडकित्त्यांपुढे उभी राहते. सुपारी फोडायला दोन दांड्या आणि एक पातं पुरतं. पण कुणा कारागिरानं त्या दांड्यांचा मोर केला, कुणी घोडेस्वार केला. रोज हातात धरायच्या वस्तूवर इतका जीव लावावा असं त्या काळात पुष्कळांना वाटत होतं.

रांजणगावात लोक येतात ते एकतर गणपतीसाठी किंवा एमआयडीसीसाठी. आम्ही दुसऱ्या कारणानं आलो. पुणे-नगर रस्त्याला लागून अष्टविनायकांतला महागणपती, आणि त्याच रस्त्यावर थोडं पुढं फ्रिज, टीव्ही, मोटारी तयार करणारे कारखाने. सकाळी कंपनीच्या बस आणि यात्रेकरूंच्या गाड्या एकमेकींपुढे घुसत असतात. कारेगाव, ढोकसांगवीकडे खोल्यांच्या चाळीच्या चाळी उठल्या आहेत; बीड-लातूरची मुलं, बिहार-उत्तर प्रदेशची मुलं एकेका खोलीत चार-चार राहतात. त्यांच्या खोलीत एकच चाकू असतो. कांदा त्यानंच, खोक्याची पट्टी त्यानंच, वायर सोलायची तर त्यानंच. म्हणून त्या चाकूनं धड कांदाही कापला जात नाही.

भाद्रपदात इथे चार दिशांच्या द्वारयात्रा होतात, उत्सव होतो, आणि देवळाच्या वाटेवर दुकानं लागतात. प्रसाद, खेळणी, रेवड्या, गणपतीच्या तसबिरी. त्या गर्दीत एक म्हातारा गोणपाट अंथरून बसला होता. अडकित्ते, कात्र्या, नेलकटर, कुलपं, साखळ्या, आणि एका कोपऱ्यात शिंगाच्या मुठीचे घडीचे चाकू. मी वाकून पाहायला लागले तसा त्यानं प्लास्टिकच्या पिवळ्या मुठीचा एक चाकू माझ्यापुढे सरकवला.

“भाजीला हा घ्या ताई. स्टीलचा हाये, गंजत नाय.”

“भाजीला नको. तो द्या, तीन पात्यांचा.”

“तो? तो खिशातला हाये.”

“माझ्याकडे पर्स आहे.”

म्हातारा हसला. चाकू उचलून त्यानं धोतराला पुसला आणि माझ्या हातात दिला तो मिटलेलाच. मी पातं उघडायला नख घातलं तर म्हणाला, “उघडून काय बघता? उघडल्याव समदेच चांगले दिसत्यात. मिटवून बघा.”

चाकू विकत घेण्याबद्दल मी नंतर बरंच वाचलं. या दोन वाक्यांपलीकडे त्यात फारसं काही नव्हतं. घडीच्या चाकूचं सगळं कसब मिटण्यात आहे. पात्याच्या बुडाला एक चौकोनी मुळी असते. मुठीच्या पाठीतून पोलादाची एक जाड पट्टी जाते, ती कमान. मुळी त्या कमानीवर फिरते. अर्ध्या वाटेपर्यंत पातं नखानं आणावं लागतं. तिथून पुढे कमान त्याला ओढून घेते आणि टक् असा आवाज होतो. उघडताना एक टक्, मिटताना एक. हा आवाज पोकळ आला तर कमान मऊ आहे. आलाच नाही तर तो चाकू उद्या तुमच्या बोटावर मिटेल. चाकू मिटल्यावर पात्याचं टोक मुठीत पुरतं बुडालं पाहिजे, कडेवरून बोट फिरवलं तर कुठे लागता कामा नये. उघडा चाकू उजेडासमोर धरून पाठीकडून पाहावा. कमान आणि पातं यांच्यामधून उजेड दिसला तर तो खाली ठेवावा. शेवटी पातं चिमटीत धरून दोन्ही बाजूंना हलवावं. लडबडतं का? मग किंमत विचारूच नये.

माझा लडबडत नव्हता. काळपट शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या, आत पितळेचंच अस्तर. एक मोठं पातं, साधारण करंगळीएवढं. एक लहान, निमुळतं. तिसरं खरं म्हणजे पातं नव्हेच, टोच्या होता, चांभाराच्या आरीसारखा, पण मिटणारा. “अंजारचा माल,” म्हातारा म्हणाला. कच्छमधलं अंजार हे सुऱ्या-अडकित्त्यांचं जुनं गाव, तिकडे त्यांना सुडी-चप्पू म्हणतात. हा चाकू खरंच तिथला की आणखी कुठला, हे तपासायला मी गेले नाही. अडीचशे सांगितले, दोनशे दिले.

पातं साध्या पोलादाचं आहे, न गंजणाऱ्या स्टीलचं नाही. न गंजणारं पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ मध्ये केलं आणि स्वयंपाकघरांवर उपकार केले, यात वाद नाही. पण साध्या पोलादाला दगडावर चार हात मारले की जी धार चढते ती वेगळीच. त्या बदल्यात ते पोलाद लाड करून घेतं. लिंबू कापलं की काळवंडतं. कांदा कापून तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके येतात. पुसा, कोरडं करा, सांध्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडा. पहिल्या महिन्यात मला ते डाग खुपायचे. मग पेरू, कैरी, डाळिंब, मोसंबी असं करत करत पात्यावर निळसर-करडी छटा बसली आणि आता गंज सहसा चढत नाही. डागांचंच कवच झालं आहे.

धारेसाठी मी दारावर येणाऱ्या सायकलवाल्याकडे जात नाही. तो बिचारा पायडल मारून चाक गरगरा फिरवतो, ठिणग्या उडवतो, पोरं जमतात. विळ्या-कोयत्यांना ते चालतं. पण बारीक पातं त्या चाकावर तापलं की त्याचं पाणी उतरतं. लोहारानं तापवून, विझवून दिलेला कठीणपणा एका ठिणगीत जातो आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही. त्यापेक्षा ओला निसणा बरा. रविवारी दुपारी पाणी शिंपडायचं, पातं जरासं तिरकं धरायचं आणि दोन्ही बाजू सारख्या मोजून ओढायच्या. घरात कुणी बोलावलं तरी ‘थांब’ म्हणायचं. बाईला ‘थांब’ म्हणायची मुभा देणारी कामं तशी थोडीच आहेत.

खिशातला चाकू आपल्याकडे लढाईतून आला असं समजणाऱ्यांनी दासबोध उघडून पाहावा. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनाचा आहे. त्यात रामदासांनी ठिकठिकाणचे बरू आणायला सांगितले आहेत आणि टाक तोडण्याच्या हत्यारांचीही नोंद केली आहे. बोरू तासून, टोकाला तिरका छेद देऊन, मध्ये चीर पाडायची तर पातं बारीक आणि कडक लागतं. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाच्या कलमदानात ते असेच. मराठेशाहीच्या दफ्तरांत जे रुमालच्या रुमाल कागद आहेत, त्यांतली अक्षरं आधी अशाच एखाद्या लहान पात्यानं तासलेल्या बोरूतून उतरली आहेत.

विलायतेत याच लेखणी तासण्याच्या चाकूला पुढे पाती फुटत गेली. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कारखान्यानं १८२२ मध्ये १८२२ पात्यांचा चाकू केला आणि पुढे दर वर्षी त्यात एकेक पातं वाढवत नेलं. त्याची छायाचित्रं पाहिली आहेत. कारागिरी अफाट आहे, पण तो कुणाच्याही हातात मावणार नाही, त्यानं कुणी सफरचंदही कापणार नाही. कारखान्याच्या काचेच्या कपाटात ठेवायला केलेली ती वस्तू. तिच्यापुढे मला ईबाखचा कार्ल एल्सेनर जवळचा वाटतो. स्वित्झर्लंडमधल्या या छोट्या गावात त्यानं १८८४ मध्ये आपला कारखाना काढला. स्विस सैनिकांचे चाकू तेव्हा जर्मनीतल्या झोलिंगेनहून येत. १८९१ मध्ये एल्सेनरनं सैन्याला पहिले स्वदेशी चाकू पुरवले. त्यात एक पातं, एक टोच्या, डबा फोडायचं हत्यार आणि बंदूक खोलायला पेचकस होता. मग हलका, जास्त हत्यारांचा चाकू करायच्या खटपटीत त्यानं एक युक्ती काढली. एकाच कमानीवर एका बाजूला पाती आणि पाठीमागच्या बाजूलाही हत्यारं बसवली. कमानी दोनच राहिल्या, हत्यारं सहा झाली. तो चाकू १२ जून १८९७ रोजी नोंदवला गेला. १९०९ मध्ये एल्सेनरची आई वारली, तिचं नाव व्हिक्टोरिया. कारखाना उभा करायला तिनं हातभार लावला होता. त्यानं तिचं नाव आपल्या मालाला दिलं. १९२१ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाच्या ‘इनॉक्स’ची त्याला जोड मिळून व्हिक्टोरिनॉक्स झालं. पुरुषाच्या खिशातली वस्तू म्हणून जगभर मिरवणाऱ्या त्या लाल चाकूवर एका आईचं नाव आहे, हे मी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आवर्जून सांगते.

इथल्या महागणपतीबद्दल अशी श्रद्धा आहे की वर दिसते ती पूजेतली मूर्ती, आणि खाली तळघरात मूळ मूर्ती आहे. तिचं नाव महोत्कट, तिला दहा सोंडा आणि वीस हात. हे तळघर थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधलं असं सांगतात. त्रिपुरासुराला मारण्याआधी शंकरानं इथे गणपतीची आराधना केली, तीन पुरं एका बाणात पाडायची तर तयारी तशीच लागणार. मला त्या कथेत वीस हातांपेक्षा तळघराचं जास्त वाटतं. वीस हात आहेत ते वेळ पडेल तेव्हासाठी. रोजच्या भक्ताला समोर दिसते ती मांडी घालून बसलेली शांत मूर्ती. गणपतीनं मला माफ करावं, पण पर्समध्ये मिटून पडलेला चाकू चाचपताना कधी कधी तो महोत्कट आठवतो.

तीन पाती कशाला, एक चांगलं असलं की झालं, असं माझ्या यजमानांचं मत. ते कारखान्यात काम करतात आणि तिथे प्रत्येक कामाला वेगळं हत्यार असतं, तरी घरी त्यांचं मत हेच. उत्तर सोपं आहे. मोठं पातं खरबरीत कामांना: सुतळी, गोणीची शिवण, पार्सलच्या चिकटपट्ट्या, ठिबकची नळी. लहान पातं फक्त फळाला आणि झाडाला. त्यानं कधी दोरी कापायची नाही, मग कितीही घाई असो. टोच्या पट्ट्याला भोक पाडायला, चपलेचा अंगठा दुरुस्त करायला, गाठ सोडवायला. कामं वाटून दिली म्हणून लहान पात्याची धार आजही नव्यासारखी आहे. एकाच पात्यानं सगळं करणाऱ्याकडे शेवटी कशालाच धार उरत नाही. चाळीतल्या त्या खोलीतला चाकू मी पाहिलेला आहे.

लहान पात्याचं खरं चीज झालं ते एका पावसाळ्यात. शाळेतल्या एका सहकारी बाईंचं शेत घोड नदीच्या अंगाला आहे, तिथे डाळिंबाची बाग. डाळिंबाशी पुण्याचं नातं जुनं. ‘गणेश’ हा वाण डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत निवडून काढला. आता जिकडे तिकडे ‘भगवा’ आहे. बाई गुटी बांधत होत्या. पेन्सिलीएवढ्या जाडीची सरळ फांदी निवडायची, तिच्यावर इंचभर अंतरानं दोन गोल काप द्यायचे आणि मधली साल अंगठीसारखी उतरवायची. आतलं लाकूड चिरलं तर फांदी वाळते, साल अर्धवट राहिली तर पुन्हा जुळते आणि मुळं सुटत नाहीत. मग ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक आवळून बांधायचं. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागतात. बाईंच्या हातात दाढीचं ब्लेड होतं, कागदात गुंडाळून अर्धं मोडलेलं. मी पर्समधून चाकू काढला. त्यांनी लहान पातं उघडलं, अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं. घसरलं नाही, रुतलं. “हे बरंय,” म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत तो मला परत मिळाला नाही.

तेव्हापासून आमच्या शाळेत ‘बाईंकडे चाकू आहे’ हे सर्वांना माहीत झालं. आता स्टाफरूमच्या दारातून मान आत घालून कुणी ना कुणी विचारतंच. खडूचं खोकं उघडायचंय. स्नेहसंमेलनाच्या पताकांची दोरी कापायची आहे. हजेरीपुस्तकाला टोचून दोरा ओवायचा आहे. चित्रकलेच्या पेन्सिलीला लांब टोक हवं आहे, ते शार्पनरनं होत नाही. शिपाईमामांच्या बोटात लाकडाचं कुसळ गेलं तेव्हा टोच्याचं टोक तापवून मी ते काढलं. लग्नात हळद लागलेल्या नवऱ्या मुलाच्या हातात लिंबू खोचायला कट्यार सापडेना, तेव्हा एका वर्गमित्राच्या मुलानं माझ्या चाकूला लिंबू टोचून दोन दिवस मिरवला. परत आला तेव्हा पातं आंबटानं काळंकुट्ट झालं होतं. चालायचंच. धारेचं पातं इडापिडा दूर ठेवतं, म्हणून बाळंतिणीच्या उशाखालीही ते ठेवतात. घरातली धार बाईच्या स्वाधीन होते ती त्या दहा-बारा दिवसांत, तीही तिच्या रक्षणासाठी म्हणून.

माझ्या स्वतःच्या कामाला हा चाकू किती वेळा निघतो याचा विचार केला तर फार थोड्या. एखादा पेरू, कधी गजऱ्याचा दोरा. बहुतेक वेळा तो दुसऱ्यासाठीच उघडतो. आजीच्या कडीतल्या चिमट्याचंही तसंच होतं. स्वतःच्या पायातला काटा तिला धड दिसायचाही नाही. मला चाकूत रस आहे असं लोक म्हणतात. रस आहेच, मुठीच्या शिंगात उजेडाला जी पिवळी रेघ दिसते ती मी कितीदा तरी पाहत बसते. पण खरा आनंद ‘आहे का हो तुमच्याकडे?’ या प्रश्नाला ‘आहे’ म्हणण्यात आहे.

खंडेनवमीला एमआयडीसीतली यंत्रं धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालून बसतात, शेतकरी नांगर-विळे मांडतात. आमच्या पाटावर विळी, कात्री, यजमानांचा पान्यांचा डबा आणि माझा चाकू असतो. तो तिन्ही पाती उघडून ठेवायचा की मिटून, यावर पहिल्या वर्षी घरात चर्चा झाली. मिटूनच ठेवतो.

कुणी कायद्याचं विचारतं. शस्त्रांच्या नियमांत परवाना लागतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांना, आणि घरकाम-शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलेलं आहे. माझं पातं त्या मापाच्या पासंगालाही पुरत नाही. तरी विमानात हातातल्या पिशवीत तो नेऊ देत नाहीत, आणि देवळात जाताना मी तो आपण होऊनच गाडीत ठेवते.

भाद्रपदात रांजणगावला आलात तर दर्शन झाल्यावर गोणपाटावरचे हे म्हातारे शोधा. ते स्टीलचाच पुढे करतील. तुम्ही साध्या पोलादाचा मागा. उघडण्याआधी मिटवून बघा, उजेडासमोर धरा, लडबडत नसेल तर फार घासाघीस न करता घ्या. घरात मुलगी असेल तर तिच्यासाठी घ्या, आणि धार लावायला तिलाच शिकवा.